गुणवत्ता मी तपासलीच नाही

ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागल्यापासून विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून निवृत्त होईपर्यंत एक वाक्य मी सतत ऐकलं आणि स्वतःही अनेकदा बोलले : ‘बाईला पद द्यायला हरकत नाही, पण गुणवत्ता बघून द्या.’ हे म्हणणं आजही मला पटतं. गावाचा पैसा आणि गावाचं पाणी ज्यांच्या हाती जायचं, ती माणसं लायक असायलाच हवीत. पण हे वाक्य मी फक्त बायकांच्या बाबतीत वापरलं. पुरुष सरपंच झाला, तेव्हा त्याला काय येतं हे मी कधी विचारलं नाही. आणि बाईची गुणवत्ता बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं, हेही कधी ठरवलं नाही. या चुकांची झळ मला बसली त्याहून कितीतरी जास्त काही बायकांना आणि त्यांच्या गावांना बसली, म्हणून त्या लिहून ठेवते आहे.

मी स्वतः बाई असून असं का वागले, हे आधी सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या निवड यादीत माझं नाव महिलांच्या राखीव जागांत नव्हतं, खुल्या यादीत होतं. त्याचा मला फार अभिमान होता. सोडतीत सरपंचपद महिलेसाठी निघालं म्हणून खुर्चीवर आलेल्या बायका मला माझ्या पंगतीतल्या वाटत नसत. मी कष्टानं आले आणि या चिठ्ठीनं आल्या, असं मी मनाशी धरून चालले होते. दहावीनंतर वडिलांनी मला तालुक्याच्या गावी शिकायला ठेवलं, परीक्षेच्या महिन्यात आईनं मला चुलीपुढं बसवलं नाही आणि पुढे सासूबाईंनी माझं तान्हं मूल सांभाळलं म्हणून मी फिरतीची नोकरी करू शकले, हे मी या हिशेबात कधीच धरलं नाही. माझे गुण माझेच होते. पण ते कमवायला मला मिळालेली वर्षं त्या बायकांना मिळालेली नव्हती.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ३० टक्के जागा १९९० सालीच मिळाल्या होत्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि देशभर किमान एक तृतीयांश जागा आणि सरपंचपदं महिलांसाठी राखीव झाली. २०११ साली आपल्या राज्यानं हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं. घटनादुरुस्तीच्याही आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या चळवळीतून, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा आणि जळगाव जिल्ह्यातलं विटनेर इथं बायकांनी ग्रामपंचायती चालवल्या होत्या. हे सगळं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. माझ्या टेबलापुढं सरपंच म्हणून बाई येऊन बसली, तेव्हा त्यातलं काहीच कामाला आलं नाही.

माझ्या पहिल्या गावच्या सरपंच सातवी शिकलेल्या होत्या. त्यांचे पती गावातले वजनदार गृहस्थ. मासिक सभेची नोटीस मी पतीच्या हाती द्यायची. विषयपत्रिका त्यांच्याशी बोलून ठरायची. सभेत खुर्चीवर ते बसायचे आणि ताई भिंतीलगत. ठराव लिहून झाला की मी प्रोसिडिंग बुक पुढं सरकवायची : ‘ताई, इथं सही करा.’ घाई असली तर वही शिपायाबरोबर घरी पाठवून द्यायची.

ग्रामनिधीतून पैसा काढायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची सही लागते. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावं म्हणून ही तरतूद आहे. मी ती कागदापुरती ठेवली. एकदा ताईंनी विचारलं, ‘मॅडम, हा चेक कशाचा?’ मी म्हणाले, ‘दादांना सगळं सांगितलंय, तुम्ही काळजी करू नका.’ तो चेक सिमेंट नालीच्या कामाचा होता. पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप आला : मूल्यांकनापेक्षा जास्त देयक अदा केलं. वसुलीची नोटीस दोन नावांनी निघाली, एक माझं आणि एक ताईंचं. काम ज्यांनी ठरवलं, ठेकेदार ज्यांनी आणला, त्या दादांचं नाव कुठंच नव्हतं, कारण त्यांची सही कुठंच नव्हती.

ताई नोटीस घेऊन पंचायत समितीत आल्या. मला वाटलं, रडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मला वाचता येत होतं, मॅडम. तुम्ही वाचू दिलं नाही.’

मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. त्याआधी कितीतरी वेळा सहकाऱ्यांमध्ये बसून मी म्हटलं होतं की आमच्या सरपंचबाईंना काही कळत नाही. त्यांना कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती आणि ते न कळणं मीच पुरावा म्हणून मांडत होते. सरपंचपतींनी कारभारात हस्तक्षेप करू नये, हे सांगणारी परिपत्रकं माझ्याच फायलीत होती. ‘गावात असंच चालतं’ असं म्हणून मी ती फाइल बंद ठेवली. हा प्रश्न एका गावाचा नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं या विषयावर २०२३ मध्ये समिती नेमली आणि २०२५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात अशा बदली कारभाऱ्यांवर कडक दंडाची शिफारस झाली. दंड जरूर व्हावा. पण पतीला खुर्ची देणाऱ्या हातांत ग्रामसेवकाचाही हात असतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

दुसरी चूक दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात झाली. तिथं उन्हाळाभर टँकरनं पाणी यायचं. सरपंच पस्तिशीच्या, बचत गट चालवलेल्या, पण कमी बोलणाऱ्या. तहसीलला टंचाईची आढावा बैठक होती. मी त्यांना सांगितलं, ‘भाऊंना पाठवा, तिथं बोलावं लागतं.’ भाऊ आले. गावात मंजुरीप्रमाणे खेपा होतात का, असं तहसीलदारांनी विचारलं. भाऊ म्हणाले, ‘येतंय बरोबर.’ मीही मान हलवली.

गावात परतले तर ताईंनी शाळेची एक वही समोर ठेवली. प्रत्येक खेपेची तारीख, वेळ, टँकर भरून आला की अर्धा, आणि ज्या दिवशी आलाच नाही त्या दिवसापुढं रेघ. विहिरीवर टँकर रिकामा होताना त्या स्वतः उभ्या राहायच्या. माझ्या दप्तरातल्या नोंदींत त्या रेघांच्या दिवशीही खेप पडलेली होती. पुढच्या बैठकीला मी त्यांनाच घेऊन गेले. त्या बोलल्या नाहीतच म्हणा, वही उघडून फक्त वाचत गेल्या. पाच-सात मिनिटांत सभागृह गप्प झालं आणि खेपांची चौकशी लागली. ‘बोलावं लागतं’ म्हणून ज्या बैठकीपासून मी त्यांना दूर ठेवलं होतं, तिथं खरी माहिती एकट्या त्यांच्याकडेच होती.

राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध केला. जिथं प्रमुखपद महिलेसाठी राखीव होतं, तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं. तो अभ्यास मी नंतर वाचला, तेव्हा मला ती वही आठवली. पाणी कोण भरतं आणि पाण्याचा निर्णय कोण घेतं, या दोन गोष्टी एका माणसाकडे आल्या की निर्णय सुधारतो. सरपंचासाठी हे जाणणं हीच पात्रता होती, आणि माझ्या कोणत्याही तक्त्यात तिला रकाना नव्हता.

याच ताईंच्या बाबतीत मी तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक केली. त्यांची मुदत संपली. पुढच्या सोडतीत पद खुलं निघालं. त्या मला विचारायला आल्या, ‘मॅडम, मी परत उभी राहू का?’ मी म्हणाले, ‘ताई, आता जागा बायकांची नाही. तुमचं झालं की.’ कायद्यानं खुली जागा सगळ्यांना खुली असते, बाईलाही. हे मला ठाऊक होतं. तरीही मी तसं बोलले. मनात होतं ते असं : आरक्षण होतं तोवर ठीक, आता पुरुषांचं पुरुषांना मिळू दे, उगाच भांडण नको. अधिकाऱ्याचा शब्द गावात जड असतो. त्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी सुरू केलेलं पाणीपुरवठ्याचं काम नंतर बराच काळ रखडलं.

मी दिलेला सल्ला किती चुकीचा होता, हे आपल्याच राज्यातल्या एका अभ्यासानं दाखवलं. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुका तपासल्या आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. जे प्रभाग आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव होते, ते खुले झाल्यावरही तिथं बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या साधारण पाचपट होती. एकदा संधी मिळाली की बायका पुढे स्वतःच्या बळावर लढतात आणि जिंकतात. मात्र त्यासाठी त्यांना उभं राहू द्यावं लागतं. मी एका सिद्ध झालेल्या बाईला तिच्या कामाच्या जोरावर निवडून येण्याची संधी नाकारली आणि गुणवत्तेचा आग्रह मात्र तसाच मिरवत राहिले.

चौथी चूक थेट निवडीची. ग्रामरोजगार सेवक नेमायचा होता. निवड ग्रामसभेनं करायची, पण अर्जांची छाननी आणि शिफारस माझ्याकडून जायची. दोन अर्ज जवळपासचे होते. एक गावातल्या सुनेचा : बी. ए., एमएस-सीआयटी झालेली, बचत गटांचे हिशेब अनेक वर्षं ठेवलेली. दुसरा बारावी झालेल्या तरुणाचा, जो माजी सरपंचांबरोबर तालुक्याला ये-जा करायचा. मी तरुणाची शिफारस केली. कारणं लिहिली ती अशी : कामाच्या ठिकाणी फिरावं लागतं, त्याच्याकडे मोटारसायकल आहे, कार्यालयीन कामाचा अनुभव आहे. न लिहिलेलं कारण असं होतं की तिचं लग्न नुकतंच झालं होतं, उद्या बाळंतपण येईल, काम अडेल.

आज हे वाचताना माझं मलाच दिसतं की पुढाऱ्यामागं गाडीवर फिरण्याला मी अनुभव म्हटलं आणि वर्षानुवर्षं पैशापैशाचा हिशेब जुळवण्याला घरगुती काम समजले. रोजगार हमीच्या कामावर मजुरांच्या हजेरीचं मस्टर नीट ठेवणं हा त्या पदाचा गाभा आहे. तसंच नोंदी ठेवण्याचं काम ती मुलगी आधीपासून करत होती. तरुणाच्या मस्टरवर पुढे कामावर न आलेल्यांची नावं सापडली, चौकशी लागली आणि खऱ्या मजुरांची मजुरी अडकली. त्या मजुरांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. मोटारसायकल होती म्हणून मस्टर खरं झालं नाही.

आपली नजर अशी का चुकते, याचंही उत्तर संशोधनात आहे. पश्चिम बंगालच्या गावांत पंचायत नेत्याचं एकच भाषण काहींना पुरुषाच्या आवाजात आणि काहींना बाईच्या आवाजात ऐकवण्यात आलं. शब्द तेच. ज्या गावांनी महिला प्रमुख कधी पाहिलीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या नेत्याला कमी लायक ठरवलं. ज्या गावांत महिला प्रमुख होऊन गेली होती, तिथं हा फरक उरला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं माझा एक मोठा समज मोडला. मी समजत होते की गुणवत्ता समोरच्यात असते आणि आपण ती फक्त ओळखतो. ओळखणाऱ्याच्या सवयीही त्या निकालात मिसळलेल्या असतात. ही सवय मोडायला प्रत्यक्ष काम करणारी बाई डोळ्यांसमोर असावी लागते. म्हणून आरक्षण आणि गुणवत्ता यांना एकमेकांच्या विरोधात उभं करणं मी आता सोडलं आहे. ज्यांना कधी बघितलंच जात नव्हतं, त्यांना आरक्षणानं बघण्याच्या टप्प्यात आणलं.

विस्तार अधिकारी झाल्यावरही मी पूर्ण सुधारले नव्हते. प्रशिक्षणासाठी आणि अनुभव सांगण्यासाठी सरपंचांची नावं पाठवायची असत. मी शुद्ध भाषेत, न अडखळता बोलणाऱ्यांची नावं पाठवायची. ज्यांनी शौचालयं, अंगणवाडी, घरपट्टीची वसुली यांत खरोखर काम केलं होतं, पण ज्या माइक हातात आला की थांबत, त्या मागं राहायच्या. बोलण्याची सफाई हीच लायकी, असा माझा निकष झाला होता आणि तो शिकलेल्या, शहराजवळच्या, वरच्या थरातल्या बायकांच्या बाजूनं झुकलेला होता. दलित वस्तीतली, ऊसतोडीला गेलेली सरपंच त्यात कधीच बसली नसती. बायकाबायकांतही मी अशी निवड केली, हे मला उशिरा कळलं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळ्या महिला सरपंच चांगल्या होत्या, असं मी म्हणणार नाही. एका गावच्या सरपंच कारभार स्वतः पाहत होत्या आणि गैरव्यवहारही त्यांनी स्वतःच केला. चौकशी झाली, कारवाई झाली, ते योग्यच होतं. पण तेव्हा बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘बायकांच्या हाती दिलं की असंच होतं.’ त्याआधी त्याच तालुक्यात पुरुष सरपंचांवर तशाच कारवाया झाल्या होत्या आणि ‘पुरुषांच्या हाती दिलं की असंच होतं’ असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या बैठकीत गप्प बसले. एका बाईची चूक सगळ्या बायकांच्या खात्यावर टाकली जात असताना वरिष्ठ अधिकारी गप्प राहिली, तर तो अन्याय कार्यालयाचा होतो. ती माझी आणखी एक चूक.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी काही गोष्टी बदलल्या. नोटीस, विषयपत्रिका आणि हिशेब सरपंचांच्याच हाती द्यायचे, असं माझ्या गटातल्या ग्रामसेवकांना बजावलं. सहीआधी ठराव मोठ्यानं वाचायचा आणि सरपंचांचा प्रश्न असेल तर सही त्या दिवशी थांबवायची. मासिक सभा संध्याकाळी उशिरा ठेवणं बंद केलं, कारण त्या वेळी स्वयंपाक टाकून बाई येऊ शकत नाही आणि मग तिची गैरहजेरी अनास्था म्हणून मोजली जाते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. ती सभा फक्त वहीत भरण्याऐवजी तिचे ठराव ग्रामसभेच्या विषयांत आधी घ्यायला लावले.

निवडीच्या कामात मी तीन नियम केले. पदाला नेमकं काय काम आहे, ते अर्ज मागवण्याआधी लिहून काढायचं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारायचे आणि आपापसांत चर्चा होण्याआधी प्रत्येकानं गुण कागदावर लिहायचे. लग्न, मुलं, सासर यांविषयी कुणालाही विचारायचं नाही, आणि बचत गट, आशा, अंगणवाडी यांतलं काम अनुभव म्हणून धरायचं. तक्रारी झाल्या. काही पुढारी म्हणाले, मॅडम बायकांची बाजू घेतात. मी त्यांना कागद दाखवत असे. त्या पद्धतीनं काही वेळा पुरुष निवडले गेले, काही वेळा बायका. आणि न निवडलेल्या माणसालाही आपण का राहिलो, हे कागदावर वाचता येत होतं.

हे गावापुरतं नाही. सहकारी संस्थांच्या समितीत महिलांसाठी दोन जागा असतात. त्या कोणाच्या पत्नीनं आणि सुनेनं भरल्या, हे आपल्या पतसंस्थेत एकदा पाहा. कंपनी कायदा, २०१३ नं ठरावीक कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक महिला घेणं सक्तीचं केलं. अनेक ठिकाणी ती घरातलीच निघाली. राखीव जागा नावापुरती भरायची आणि मग बायकांत गुणवत्ता नाही म्हणायचं, हा माझ्या ग्रामपंचायतीतला प्रकार मोठ्या इमारतींतही चालतो.

महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झालं. पहिली महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, २०२४ साली मिळाली. महिला मुख्यमंत्री अजून झालेली नाही. इतक्या वर्षांत लायक बाई नव्हती, हे मला मान्य नाही. माझ्या एका तालुक्यात मी किती जणींना न तपासताच बाजूला केलं, ते वर लिहिलं आहे.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, पतसंस्थेचे संचालक असाल, छोट्या कारखान्याचे मालक असाल किंवा माझ्यासारखे एखाद्या टेबलामागं बसणारे कर्मचारी, पुढची निवड करताना एवढं करा : निकष आधी लिहा, सगळ्यांना सारखे लावा आणि बाईच्या हाती कागद दिला की तो वाचायला तिला वेळ द्या. गुणवत्ता जरूर बघा, आणि पुरुषांचीही तितक्याच बारकाईनं बघा.